हार्ड डिस्कचे घरगुती वैद्यक

बिघडलेल्या हार्ड डिस्कला चापट मारणे, हातात धरून गर्रकन फिरवणे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवणे, हेअर ड्रायरने तापवणे, उलटी करून चालवणे, तिच्या सर्किट बोर्डाचे संपर्कबिंदू खोडरबराने घासणे, हे उपाय १९८० च्या दशकापासून एकामागून एक रूढ होत गेले. ऐकायला ते अघोरी वाटतात. पण यांतला जवळपास प्रत्येक उपाय कधी ना कधी लागू पडलेला आहे. त्यामागे एका ठरावीक काळातल्या ठरावीक ड्राइव्हचा खरा दोष होता आणि त्या दोषापुरता तो उपाय बरोबरही होता. पुढे ड्राइव्हची रचना बदलली, जुना दोष गेला, उपाय मात्र तोंडोतोंडी पुढच्या पिढीकडे गेला आणि भलत्याच दुखण्यावर वापरला जाऊ लागला. त्यामुळे या उपायांचा इतिहास सांगायचा तर तो हार्ड डिस्कच्या दोषांच्या क्रमानेच सांगावा लागतो.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने सप्टेंबर १९५६ मध्ये ३०५ रॅमॅक या संगणकासोबत जाहीर केली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे साठवत. हेड आणि तबकडी यांच्यात सुमारे २० मायक्रॉनची फट राहावी म्हणून दाबाची हवा सोडावी लागे. या यंत्राच्या बाबतीत घरगुती उपायांचा प्रश्नच नव्हता. ते भाड्याने मिळे आणि बिघडले की कंपनीचा माणूस येई. पुढच्या सगळ्या चापटांचे आणि हिसक्यांचे मूळ सापडते ते १९७३ च्या आयबीएम ३३४० या ड्राइव्हमध्ये. ‘विंचेस्टर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत हेड अगदी हलके होते. तबकडी फिरत असताना ते हवेच्या पातळ थरावर तरंगे आणि तबकडी थांबली की थेट तिच्यावर टेकून बसे. घासू नये म्हणून तबकडीवर वंगणाचा अतिसूक्ष्म लेप असे. रचना स्वस्त आणि सुटसुटीत होती, म्हणून पुढची वीस-पंचवीस वर्षे बहुतेक सगळ्या छोट्या हार्ड डिस्क याच तत्त्वावर निघाल्या. फक्त विश्रांतीच्या वेळी हेड आणि तबकडी एकमेकांना चिकटून बसण्याची सोयही तिने करून ठेवली होती.

घरात किंवा छोट्या कचेरीत मावेल अशी हार्ड डिस्क १९८० मध्ये आली. पुढे सीगेट झालेल्या शुगार्ट टेक्नॉलॉजी या कंपनीची एसटी-५०६ ही ड्राइव्ह सव्वापाच इंची होती. तिची साठवण ५ मेगाबाइट आणि किंमत १,५०० डॉलर. मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी-एक्सटी बाजारात आणला तेव्हा त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. भारतात राजीव गांधी सरकारच्या नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे नियम सैल केले आणि बँका, कारखाने, महाविद्यालये यांच्याकडे एक्सटी यंत्रे येऊ लागली. ती वातानुकूलित खोलीत ठेवलेली असत, खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. परदेशी चलनात विकत घेतलेली ड्राइव्ह बिघडली म्हणून सहज नवी आणणे शक्यच नव्हते. उपायांना तिथूनच तोंड फुटले.

या पिढीची सर्वांत गाजलेली ड्राइव्ह म्हणजे सीगेटची २० मेगाबाइटची एसटी-२२५. तिच्या आणि तिच्या भावंडांच्या पोटाशी धातूची एक पातळ पट्टी असे. तबकड्यांच्या आसावर साठणारी स्थिर वीज उतरवण्यासाठी ती आसाच्या टोकाला सतत घासत राही. काही महिन्यांनी ती झिजून थरथरू लागे आणि ड्राइव्ह कर्कश किंचाळायला लागे. ऐकणाऱ्याला वाटे, डिस्क आता संपली. प्रत्यक्षात डेटाला काहीही धोका नसे. पट्टीवर रबराचा किंवा फोमचा लहानसा तुकडा चिकटवला की थरथर थांबे आणि आवाजही थांबे. सगळ्या घरगुती उपायांमध्ये सर्वांत निरुपद्रवी आणि हमखास उपाय हाच असावा.

याच ड्राइव्हमध्ये हेड हलवण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारी स्टेपर मोटर होती. आपण नेमके कोणत्या मार्गिकेवर (ट्रॅकवर) आहोत हे तपासण्याची तिच्याकडे सोय नव्हती. ठरावीक पायऱ्या फिरल्या की मार्गिका आली, असे ती गृहीत धरी. धातू उष्णतेने प्रसरण पावतो, आकुंचनही पावतो. त्यामुळे दुपारच्या उष्म्यात लिहिलेला मजकूर थंड सकाळी वाचता येत नसे. ड्राइव्ह आडवी असताना फॉरमॅट करून नंतर उभी बसवली तरी तोच प्रकार. यातून दोन रिवाज निघाले. एक, संगणक अर्धा तास चालू ठेवून ड्राइव्ह तापू द्यायची आणि मगच कामाला लागायचे. दुसरा, ती ज्या स्थितीत बसवायची असेल त्याच स्थितीत ठेवून, गरम असतानाच, लो लेव्हल फॉरमॅट मारायचा, म्हणजे मार्गिका नव्याने आखून घ्यायच्या. ड्राइव्ह उलटी करून चालवून पाहण्याचा उपाय इथलाच आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेले स्टीव्ह गिब्सन यांचे स्पिनराइट हे सॉफ्टवेअर याच दोषावर उभे राहिले. ते मजकूर वाचून पुन्हा त्याच जागी ताजा लिहून काढी, त्यामुळे सरकलेल्या मार्गिका पुन्हा हेडखाली येत. यंत्र हलवण्याआधी ‘पार्क’ ही आज्ञा देऊन हेड सुरक्षित जागी नेण्याचा नेमही याच काळातला. जुने ऑपरेटर तो देवघराच्या नेमासारखा पाळत.

यानंतर चापटीचा काळ येतो. ड्राइव्ह लहान होत गेल्या, मजकूर दाट झाला आणि हेड तबकडीच्या आणखी जवळ यावे म्हणून तबकड्या अधिकाधिक गुळगुळीत केल्या गेल्या. दोन अतिशय गुळगुळीत पृष्ठभाग, मध्ये वंगणाचा लेप आणि हवेतला दमटपणा एकत्र आला की ते एकमेकांना धरून ठेवतात. दिवसभर चालून तापलेली ड्राइव्ह रात्री थंड होई, हेड तबकडीला चिकटे आणि सकाळी मोटरची ताकद ती पकड सोडवायला अपुरी पडे. बटण दाबले की क्षीण गुणगुण ऐकू येई आणि पुढे काहीच घडत नसे. सीगेटच्या आणि क्वांटमच्या छोट्या ड्राइव्हमध्ये १९९० च्या आसपास हा दोष इतका सर्रास होता की मॅकिंतोशची दुरुस्ती करणारे अनुभवी तंत्रज्ञही त्यावर हाताचाच उपाय करीत.

तो उपाय करण्याची एक पद्धत होती. संगणक खोलून ड्राइव्ह बाहेर घ्यायची, सपाट तळहातावर आडवी धरायची आणि मनगटाने तबकड्यांच्या आसाभोवती झटकन फिरवायची. बाहेरचा डबा फिरतो, आतल्या जड तबकड्या जडत्वामुळे मागे राहतात, आणि तेवढ्या फरकाने हेड सुटते. काही जुन्या ड्राइव्हमध्ये मोटरचा फिरता भाग खालून उघडा असे. तिथे पेन्सिलीच्या मागच्या रबराने तो हळूच ढकलला तरी काम होई. चापट मारणे ही या हिसक्याची अडाणी आवृत्ती. कडेवर हलकेच मारलेली चापट आडव्या दिशेने जाते आणि तबकडीला थोडे फिरवते. वरून मारलेली थप्पड हेडला तबकडीवर आदळते. हा फरक ऐकीव ज्ञानात फार लवकर गळून पडला आणि ‘हाणली की चालते’ एवढेच उरले. सुटलेली ड्राइव्ह पुन्हा बंद करायची नाही, हा दुसरा अर्धा उपाय होता. ती चालू आहे तोवर सगळा डेटा दुसरीकडे उतरवून घ्यायचा. कित्येक ठिकाणी लोकांनी एवढेही केले नाही, संगणकच कायमचा चालू ठेवला.

कंपन्यांनी या दोषाचा बंदोबस्त दोन प्रकारे केला. हेड जिथे टेकते तेवढा तबकडीचा पट्टा लेझरने मुद्दाम खडबडीत करण्यात आला. आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून, आधी लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये, तबकडीच्या कडेला एक उतार बसवण्यात आला. बंद होताना हेड त्या उतारावर चढून बसते आणि तबकडीला टेकतच नाही. अशा ड्राइव्हला हिसका देण्यात फायदा शून्य. चिकटायलाच काही नसते, उलट हेड उतारावरून खाली सरकण्याचा धोका.

घराघरांत संगणक आला तो याच सुमारास. १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान उत्पादनांच्या जागतिक करारात सामील झाला, आयातशुल्क उतरत गेले आणि सुट्या भागांतून जोडलेला ‘असेंबल्ड’ संगणक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. उदाहरणार्थ, मध्य प्रदेशातल्या जबलपूरचे विजय नगर ही अशाच मध्यमवर्गाची वसाहत. जबलपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते आणि त्याआधी काही काळ सागरच्या मराठ्यांकडे व मग नागपूरकर भोसल्यांकडे. त्यामुळे शहरातली मराठी वस्ती जुनी आहे. यंत्राला हात लावण्याची सवय या शहराला त्याहून अधिक परिचयाची. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, व्हेइकल फॅक्टरी, १९४७ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९४२ मध्ये सुरू झालेले दूरसंचार प्रशिक्षण केंद्र यांनी फिटर, टर्नर, वायरमन आणि टेलिफोन तंत्रज्ञांच्या पिढ्या घडवल्या. सोल्डरिंगची कांडी जिथे घरात असते तिथे बंद पडलेली वस्तू लगेच भंगारात जात नाही.

हार्ड डिस्कच्या दृष्टीने मात्र हे शहर सोपे नाही. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, जानेवारीच्या रात्री १० च्या खाली उतरतो आणि पावसाळा भरपूर. त्यात विजेची भर. मध्य प्रदेशच्या वीज मंडळाचे मुख्यालय तेव्हा जबलपुरातच, रामपूर भागातल्या शक्ती भवनात होते. तरीही नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड वेगळे झाले, कोरब्याची वीजकेंद्रे त्या राज्यात गेली आणि मध्य प्रदेशात भारनियमनाने कळस गाठला. २००३ ची विधानसभा निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी यांवरच लढली गेली. लाइट जाणे हा हार्ड डिस्कला दुहेरी फटका असतो. लिहिता लिहिता वीज गेली की लिहिला जाणारा सेक्टर, म्हणजे मार्गिकेचा तुकडा, अर्धवट राहतो आणि पुढे बॅड सेक्टर म्हणून दिसतो. वीज परत येताना येणारा झटका बोर्डावरच्या चिप जाळतो. यूपीएस आणि स्टॅबिलायझर त्या काळी चैन नव्हती, गरज होती.

या मुलखात सगळ्यात आधी करून पाहण्याचा, आणि बहुधा सगळ्यात जास्त वेळा यशस्वी झालेला, उपाय अगदी साधा आहे: ड्राइव्हला दुसऱ्या एसएमपीएसची (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची) वायर जोडणे. स्वस्त एसएमपीएसची १२ व्होल्टची बाजू ढिली पडली की मोटर पूर्ण वेग घेत नाही, हेड आत-बाहेर आपटते आणि डिस्क गेली असा निकाल लावला जातो. जबलपुरात असे संगणक घेऊन लोक मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्सकडे जात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर. व्यावसायिक डेटा रिकव्हरीचा खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट असल्यामुळे बहुतेकांचा प्रवास या बाजारांतच थांबे. घरगुती उपाय टिकून राहिले त्याचे खरे कारण हा हिशेब आहे, अंधश्रद्धा त्यात फारशी नाही.

डिस्कवर असे काय होते ज्यासाठी लोक एवढे जिवावर उदार होत? मराठी छपाईच्या धंद्याचे उदाहरण पुरेसे आहे. १९९० च्या दशकात खिळे गेले आणि डीटीपी आले. पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेली पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, मतदारयाद्या हे सगळे एका हार्ड डिस्कवर असे. फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइटच मावे, सीडी रायटर महाग होता. डिस्क गेली की महिनोन्‌महिन्यांची अक्षरजुळणी आणि तपासलेली प्रुफे जात.

फ्रीजरच्या उपायाला भर आला तो २००० नंतर. आयबीएमची डेस्कस्टार ७५जीएक्सपी ही ड्राइव्ह २००० मध्ये आली. वेग ७,२०० फेऱ्यांचा, तबकड्या काचेच्या, साठवण ७५ गिगाबाइटपर्यंत. ती मोठ्या संख्येने बिघडू लागली आणि ऑक्टोबर २००१ मध्ये कॅलिफोर्नियात आयबीएमवर सामूहिक दावा दाखल झाला. मरणाऱ्या ड्राइव्हची लयबद्ध टकटक तेव्हा जगभर कुप्रसिद्ध झाली. हेडला तबकडीवरच्या खुणा वाचता येत नाहीत, ते मागे जाते, कडेला आपटते, पुन्हा प्रयत्न करते, त्याचा तो आवाज असतो. आयबीएमने हार्ड डिस्कचा सगळा व्यवसाय २००२ च्या अखेरीस हिताचीला विकला.

टकटकणारी ड्राइव्ह हवाबंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली आणि बाहेर काढताच जोडली तर ती दहा-वीस मिनिटे चालते, असा अनुभव पुष्कळांना आला. त्यात तथ्य होते. बॉल बेअरिंग जाम झाले असेल तर थंडीने धातू आकसून ते क्षणभर मोकळे होऊ शके. बोर्डावर एखादा सांधा तापल्यावर उघडत असेल किंवा एखादी चिप गरम झाली की चुकत असेल, तर थंडीमुळे तिला थोडी उसंत मिळे. त्या वेळात महत्त्वाच्या फायली निघत. ज्यांच्या निघाल्या त्यांनी ते सांगितले. ज्यांच्या तबकड्या त्यात कायमच्या खरवडल्या गेल्या त्यांच्याकडे सांगण्याजोगे काही नव्हते. उपायाची कीर्ती एकतर्फी वाढली ती अशी.

ड्राइव्ह पूर्ण हवाबंद असते हा गैरसमजही त्यात होता. साध्या हार्ड डिस्कच्या झाकणावर, गाळणी बसवलेले, एक बारीक छिद्र असते. आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून ते लागते आणि त्यावर ‘हे झाकू नका’ असा इशारा छापलेला असतो. घरच्या फ्रीजरचे तापमान उणे १८ अंशांच्या आसपास, तर बहुतेक डेस्कटॉप ड्राइव्ह चालवण्याची किमान मर्यादा शून्य ते पाच अंश. जबलपूरच्या श्रावणात इतकी गार वस्तू बाहेर काढली की तिच्यावर काही क्षणांत दव जमते, बाहेरून जमते तसे छिद्रातून गेलेल्या हवेचे आतही. आजच्या ड्राइव्हमध्ये हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते आणि साडेतीन इंची ड्राइव्हची कड ७,२०० फेऱ्यांच्या वेगाने ताशी सुमारे १३० किलोमीटर पळते. त्या फटीत दवाचा कण आला की हेड लेप खरवडते. शिवाय २००१ पासून सीगेटने आणि २००४ च्या सुमारास जवळपास सगळ्यांनी बॉल बेअरिंग सोडून तेलावर फिरणारे बेअरिंग घेतले. थंडीत ते तेल घट्ट होते. म्हणजे ज्या दुखण्यावर फ्रीजर लागू पडे ते दुखणेच नाहीसे झाले होते, आणि उपाय खरा फोफावला तो त्यानंतर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

हेअर ड्रायरने किंवा उन्हात तापवण्याचे मूळ स्टेपर मोटरच्या काळातल्या, ड्राइव्ह तापू देण्याच्या रिवाजात आहे. त्यात निदान दव जमत नाही. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ सोडून, धूळ खाली बसली की ड्राइव्ह उघडायची, हा सल्लाही पुष्कळांनी मनावर घेतला. दमट हवेत उघडलेली आधुनिक ड्राइव्ह पुन्हा चालली तर तो निव्वळ योगायोग.

सर्किट बोर्डावरचे उपाय मात्र बरेच अधिक शास्त्रशुद्ध निघाले. २००१-०२ मध्ये फुजित्सूच्या एमपीजी मालिकेतल्या ड्राइव्ह लाखोंनी बंद पडू लागल्या. संगणक चालू केला की ड्राइव्ह दिसेचना. दोष सिरस लॉजिकच्या एका चिपच्या आवरणात निघाला. त्या आवरणात आग लागू नये म्हणून मिसळलेला तांबडा फॉस्फरस उष्णता आणि दमटपणा यांच्या संगतीत आम्ल तयार करी आणि चिपच्या पायांमध्ये गळती सुरू होई. भारतातल्या पावसाळी शहरांचे हवामान त्याला अगदी पोषक. तबकड्या, हेड, मोटर सगळे ठणठणीत असल्यामुळे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या ड्राइव्हचा बोर्ड चार-सहा स्क्रू काढून बसवला की डेटा जसाच्या तसा मिळे. कारागीर त्यासाठी मेलेल्या ड्राइव्हचे बोर्ड जपून ठेवू लागले.

हा उपायही काळाने मागे टाकला. कारखान्यात प्रत्येक ड्राइव्हच्या हेडची वेगळी जुळणी करून ती माहिती बोर्डावरच्या छोट्या रॉम चिपमध्ये लिहिण्याची पद्धत २००० नंतर पसरत गेली. तेव्हापासून दुसरा बोर्ड लावला तर टकटकच ऐकू येते. आठ पायांची ती चिप जुन्या बोर्डावरून उतरवून नव्यावर डकवावी लागते, आणि हॉट एअर गन चालवणारा मोबाइल दुरुस्तीवाला ते काम संगणकवाल्यापेक्षा सफाईने करतो. खोडरबराचा उपाय यापेक्षा सोपा. बोर्ड आणि हेड यांना जोडणारे संपर्कबिंदू काही ड्राइव्हमध्ये, विशेषतः वेस्टर्न डिजिटलच्या, काळे पडत. स्क्रू काढून पांढऱ्या रबराने ते चकचकीत केले की ड्राइव्ह पुन्हा ओळखली जाई. रॅमचे पाय रबराने घासण्याची सवय भारतीय कारागिरांना आधीपासून होतीच.

वीज-झटक्यांच्या मुलखात आणखी एक उपाय सोन्याच्या मोलाचा ठरला. ड्राइव्हच्या वीजजोडणीशेजारी दोन काळे डायोड असतात, एक ५ व्होल्टसाठी, एक १२ व्होल्टसाठी. जास्त दाब आला की ते स्वतः शॉर्ट होतात आणि मागच्या चिप वाचवतात. बाहेरच्या हार्ड डिस्कला घाईत लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॅप्टर लावला की नेमके हेच घडते. मीटरने तपासून शॉर्ट झालेला डायोड काढून टाकला की ड्राइव्ह लगेच चालू होते. ती आता संरक्षणाशिवाय चालत असते, म्हणून डेटा उतरवून घेण्यापुरतीच वापरायची. या एका उपायाला व्यावसायिक रिकव्हरीवालेही नाके मुरडत नाहीत.

भिजलेल्या डिस्कचा प्रश्न मराठी मुलखात एका दिवसात उभा राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतल्या तळमजल्यांवरचे संगणक गढूळ पाण्यात बुडाले. अशा वेळी माणूस सहज करतो ते म्हणजे उन्हात वाळवणे. पाणी उडून जाते आणि त्यातला गाळ व क्षार तबकडीवर घट्ट बसतात. डिस्क वाळू न देता, ओलसर ठेवून, बंद पिशवीतून तज्ज्ञाकडे नेणे हाच यावरचा योग्य मार्ग, आणि तो घरगुती शहाणपणाच्या अगदी उलट आहे.

घरगुती उपायांचा कळस म्हणावा असा प्रसंग २००८-०९ चा. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ या मालिकेतल्या ड्राइव्ह एकाएकी अदृश्य होऊ लागल्या. मोटर व्यवस्थित फिरे, आवाज नाही, टकटक नाही, पण संगणकाला डिस्क दिसत नसे किंवा तिची साठवण शून्य दिसे. दोष फर्मवेअरचा, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रॅमचा, होता. ड्राइव्ह स्वतःच्या घडामोडींची जी नोंद ठेवी, तिचा गणक ३२० या जागी असताना वीज बंद झाली तर पुढच्या वेळी ती स्वतःलाच कुलूप लावून घेई. तिला थंड करा, तापवा, फिरवा, काहीच उपयोग नव्हता.

हौशी लोकांनी यावर काढलेला मार्ग असा: बोर्डाचे स्क्रू ढिले करून बोर्ड आणि मोटरचे संपर्कबिंदू यांच्या मध्ये एक व्हिजिटिंग कार्ड सरकवायचे, म्हणजे ड्राइव्हला मोटर सापडत नाही आणि ती अडकण्याआधीच थांबते. डेटा केबलच्या (सॅटा) जोडणीशेजारच्या चार बारीक पिनांपैकी योग्य पिनांना पाठवणे, घेणे आणि अर्थिंग अशा तीन वायरी जोडायच्या. दुसरे टोक यूएसबीकडे नेणारा कन्व्हर्टर हवा. तो नसेल तर नोकियाची सीए-४२ डेटा केबल कापायची, कारण नेमकी त्या कामाची चिप तिच्या प्लगमध्ये असे. विंडोज एक्सपीमधले हायपरटर्मिनल उघडून वेग ३८,४०० ठेवायचा, कंट्रोल आणि झेड दाबायचे आणि पडद्यावर ड्राइव्हचे स्वतःचे ‘टी’ हे सूचक चिन्ह उमटले की आज्ञा द्यायला सुरुवात. मोटर थांबवण्याची आज्ञा द्यायची, चालू विजेतच कार्ड अलगद काढून स्क्रू आवळायचे, मोटर सुरू करायची आणि शेवटी भाषांतर-तक्ता नव्याने बांधणारी आज्ञा टंकायची. मिनिटभरात डिस्क सगळ्या मजकुरासह परत येई. एक स्वल्पविराम चुकला तर मात्र खेळ खलास. कंपनीनेही फर्मवेअरची दुरुस्ती काढली, पण कुलूप लागून बसलेल्या ड्राइव्हवर ती चढवता येत नसे. म्हणून नोकियाच्या जुन्या केबलला त्या वर्षी अचानक भाव आला. दुखण्याचे निदान आधी आणि औषध नंतर, अशा क्रमाने तयार झालेला हा दुर्मीळ घरगुती उपाय.

याच वर्षांत दुसरा एक बदल गाजावाजा न होता झाला. फेब्रुवारी २००७ मध्ये गूगलच्या तीन अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक ड्राइव्हच्या निरीक्षणांचा निबंध प्रसिद्ध केला. ड्राइव्हच्या स्वयंतपासणीत पहिली वाचन-चूक दिसली की पुढच्या ६० दिवसांत ती मरण्याची शक्यता ३९ पट वाढते, असे त्यात दिसले. उलट, मेलेल्या ड्राइव्हपैकी निम्म्याहून अधिकांनी स्वयंतपासणीच्या चार मुख्य निकषांवर कुठलाही इशारा दिलेला नव्हता. आणि स्पेनच्या अँटोनियो डियाझ डियाझ यांनी २००४ पासून विकसित केलेले डीडीरेस्क्यू हे मोफत सॉफ्टवेअर हळूहळू कारागिरांच्या पेनड्राइव्हवर आले. ते आधी डिस्कचा सहज वाचता येणारा भाग भराभर दुसऱ्या डिस्कवर उतरवते, अवघड जागा नोंदवून ठेवते आणि मग त्यांच्याकडे वळते. मध्येच ड्राइव्ह बंद पडली तर नोंदीवरून पुढे सुरू करता येते. जुन्या सॉफ्टवेअरची रीत याच्या बरोबर विरुद्ध होती: एकाच खराब सेक्टरवर शेकडो वेळा हेड घासत राहायचे. स्पिनराइटच्या काळात ते चाले, काही नॅनोमीटरच्या फटीत ते मारक ठरते. दुरुस्त करण्याआधी नक्कल करावी, हा विचार यायला या वैद्यकाला वीस वर्षे लागली.

ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडच्या महापुरात वेस्टर्न डिजिटलचा बांग पा-इनचा कारखाना पाण्याखाली गेला, जगभर हार्ड डिस्कचे भाव चढले आणि जुन्या ड्राइव्ह जगवण्याच्या कलेला शेवटचे सुगीचे दिवस आले. त्यानंतर चिपवर डेटा साठवणारी एसएसडी रुळत गेली. तिच्यात तबकडी नाही, हेड नाही, आवाजही नाही, त्यामुळे हात चालवायला जागा उरत नाही. एकच विचित्र उपाय तिलाही चिकटला. दिसेनाशी झालेली एसएसडी डेटा केबल न लावता नुसत्या विजेवर वीस मिनिटे ठेवायची, अर्धा मिनिट वीज काढायची आणि हे पुन्हा करायचे. क्रुशियल या कंपनीने तो स्वतःच्या ग्राहकांना अधिकृतपणे सांगितला आहे. लाइट अचानक गेल्याने बिघडलेला अंतर्गत तक्ता त्या वेळात एसएसडी स्वतः बांधून घेते.

दरवेळी एवढी सवलत मिळत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने सर्व्हरच्या काही एसएसडींविषयी इशारा दिला. त्यांच्या फर्मवेअरमध्ये चालू तासांची मोजणी ३२,७६८ वर पोचली की, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तासांनी, ड्राइव्ह आणि डेटा दोन्ही कायमचे जात. एकाच दिवशी बसवलेल्या ड्राइव्ह एकाच वेळी मरत असल्यामुळे जोडीच्या प्रतीचाही उपयोग नव्हता. कंपनीने उपाय एकच दिला होता: ती घटका भरण्याआधी फर्मवेअर बदलून घेणे.